पहिला गुंतवणुकीचा फ्लॅट: टोकनच्या आधी काय, टोकनच्या नंतर काय

गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच फ्लॅट घेणाऱ्यांचे बहुतेक व्यवहार एकाच क्रमाने होतात. रविवारी साइट बघितली, फ्लॅट आवडला, ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ असं ब्रोकरने सांगितलं आणि लगेच लाखभर रुपयांचं टोकन दिलं. मग बँकेत कर्जाची चौकशी, मग कागद वकिलाकडे आणि भाडं किती येईल हा विचार ताबा मिळाल्यावर. हा क्रम अगदी उलटा आहे. पैसे दिलेले असले की वकिलाने ‘नको’ म्हटलं तरी मन ‘बघू, निघेल काही मार्ग’ म्हणू लागतं. म्हणून या लेखात टोकन पाचव्या टप्प्यावर आहे आणि त्याआधीचे चार टप्पे मालकाला किंवा ब्रोकरला एक रुपयाही न देता पूर्ण करायचे आहेत.

हा लेख महाराष्ट्रातल्या फ्लॅटपुरता आहे, मग तो रिसेल असो वा बांधकाम चालू असलेला. शेतजमीन यात नाही, कारण आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सामाईक सातबाऱ्यावर गुंठ्या-गुंठ्याने विकले जाणारे प्लॉटही यात नाहीत. मंजूर रेखांकन नसलेला गुंठा ही पहिली गुंतवणूक म्हणून मी कुणालाही सुचवणार नाही, कितीही स्वस्त असला तरी.

टप्पा १: खिशातले पैसे मोजा, फ्लॅटची किंमत नंतर

नवख्यांची पहिली चूक म्हणजे फ्लॅटची किंमत हाच एकूण खर्च धरणं. ६० लाखांचा रिसेल फ्लॅट पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत घेतला, असं उदाहरणादाखल धरू.

मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. मुंबईत हाच दर ६ टक्के आहे. सगळे खरेदीदार महिला असतील तर निवासी मालमत्तेवर १ टक्का सवलत मिळते. पतीचं नावही लावलं की ती जाते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. ब्रोकर १ टक्का म्हणजे ६० हजार. वकील धरू २५ हजार. रंग, नळ, खिडक्यांच्या जाळ्या, गिझर अशी किरकोळ डागडुजी १ लाख. सगळं मिळून ६६ लाख ६० हजार.

मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या, किमतीवर, दोन्हींत जी जास्त असेल तिच्यावर भरावं लागतं. त्यामुळे ‘स्वस्तात मिळतोय’ असं वाटणाऱ्या फ्लॅटचं रेकनर मूल्य आधी बघा. करारातली किंमत रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर मधला फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो आणि त्यावर प्राप्तिकर लागतो.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर याशिवाय ५ टक्के जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या, ४५ लाखांपर्यंतच्या फ्लॅटवर तो १ टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा रिसेल फ्लॅटवर जीएसटी नाही.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, ती खिशातूनच भरावी लागते. म्हणजे आपल्या उदाहरणात ४५ लाखांचं कर्ज घेतलं तर स्वतःचे २१ लाख ६० हजार हवेत.

तपासा: ही रक्कम बाजूला काढल्यावर सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा ईएमआय हातात उरतात का? उरत नसतील तर इथेच थांबा. डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढून गुंतवणुकीचा फ्लॅट घेऊ नका.

फ्लॅट बघायला निघण्याआधीच बँकेकडून तुमच्या उत्पन्नावर आधारित कर्जाची पूर्वमंजुरी घ्या. ती मालमत्तेची मंजुरी नसते, पण तुमची ऐपत किती हे तुम्हालाही कळतं आणि विक्रेत्यालाही.

टप्पा २: भाड्याचं खरं गणित

ब्रोकर सांगतो तो परतावा वर्षाचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत असा काढलेला असतो. महिना २० हजार भाडं, वर्षाचे २ लाख ४० हजार, किंमत ६० लाख, परतावा ४ टक्के. ऐकायला बरं वाटतं. आता तेच कागदावर नीट मांडू.

वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा जातो असं धरा. भाडेकरू बदलताना जातोच. उरले २ लाख २० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. मिळकतकर १२ हजार. दुरुस्ती १५ हजार. भाडेकरू शोधून देणाऱ्याची दलाली १० हजार. हे ७३ हजार वजा केले की हातात १ लाख ४७ हजार. ही रक्कम ६० लाखांवर काढायची नाही, ६६ लाख ६० हजारांवर काढायची. परतावा आला २.२ टक्के.

पुढची पायरी बहुतेक जण करतच नाहीत. ४५ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर ईएमआय साधारण ३९ हजार येतो. निव्वळ भाडं महिन्याला सव्वाबारा हजार. म्हणजे दर महिन्याला २६ ते २७ हजार तुम्हाला पगारातून घालावे लागणार. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे वाक्य आपल्या शहरांतल्या फ्लॅटांना लागू पडत नाही, आणि त्याच वाक्यावर सर्वाधिक फ्लॅट विकले जातात.

मग फायदा कुठून येणार? किंमत वाढण्यातून. किती वाढायला हवी, तेही काढू. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ३ लाख ७९ हजार. त्यातून निव्वळ भाडं वजा केलं की २ लाख ३२ हजारांची तूट. तुमचे २१ लाख ६० हजार मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर दीड लाख मिळाले असते, तेही सोडले. एकूण ३ लाख ८३ हजार. म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटची किंमत पहिल्या वर्षी सव्वासहा टक्क्यांहून जास्त वाढली तरच तुम्ही बरोबरीत आलात. विकताना पुन्हा दलाली आणि भांडवली नफ्यावरचा कर वेगळा.

माझं स्पष्ट मत: हा आकडा बघून निम्म्या लोकांनी फ्लॅट घेऊ नये, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्यांच्याकडे रोख जास्त आहे, कर्ज कमी लागणार आहे, दहा-बारा वर्षं थांबायची तयारी आहे, त्यांनी पुढे वाचावं.

तपासा: भाड्याचा आकडा विकणाऱ्या ब्रोकरकडून घेऊ नका. त्याच सोसायटीच्या वॉचमनला आणि भाड्याचीच कामं करणाऱ्या दुसऱ्या एजंटला विचारा. अशाच दोन बेडरूमच्या फ्लॅटचं शेवटचं भाडं किती ठरलं आणि किती दिवसांत ठरलं, हे दोन प्रश्न पुरतात. आता किती फ्लॅट रिकामे आहेत, हेही वॉचमनला ठाऊक असतं.

टप्पा ३: जागा बघणं

इथे थोडक्यात सांगतो, कारण लोक हे काम पुरेसं मन लावून करतात.

भाव नेहमी कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळावर, काढा. रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट येत नाहीत. ‘९०० स्क्वेअर फूट’ असं सांगितलेल्या फ्लॅटच्या करारात कार्पेट ६२० निघणं यात नवल नाही. तुलना करताना दोन्ही फ्लॅटांची किंमत त्यांच्या करारातल्या कार्पेटने भागा, मगच कोणता महाग ते कळतं.

फ्लॅट एकदा दुपारी बघा, एकदा संध्याकाळी पाण्याच्या वेळेला आणि जमलं तर पावसाळ्यात. वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये छताचे कोपरे आणि बाथरूमच्या मागची भिंत बघा. नवा रंग एकाच भिंतीला दिलेला असेल तर का, ते विचारा. उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, हे सेक्रेटरीला विचारा.

टप्पा ४: कागद, आणि इथे घाई नाही

हा सगळ्यात मोठा टप्पा. मालकाकडून झेरॉक्स मागा. टोकनशिवाय झेरॉक्सही द्यायला तयार नसलेल्या मालकाचा फ्लॅट सोडून द्या.

*रिसेल फ्लॅट असेल तर*

पहिला कागद म्हणजे मालकीची साखळी. बिल्डरकडून पहिल्या खरेदीदाराने केलेल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत करार, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या कराराचा उतारा. मधला एक करार जरी गहाळ असेल तरी बँक अडवते आणि उद्या तुमचा खरेदीदारही अडवेल. साखळीत कुठे केवळ कुलमुखत्यारपत्रावर विक्री झाली असेल तर सावध व्हा. अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मूळ मालक वारला असेल तर जास्त काळजी घ्या. घरोघरी एक समज पक्का बसला आहे की सोसायटीत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलं तो मालक. तसं नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. समजा, वडील गेले, शेअर सर्टिफिकेट थोरल्या मुलाच्या नावावर झालं आणि तोच फ्लॅट विकायला बसला आहे. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीचाही त्यात हिस्सा आहे. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा विक्रीच्या करारावर तिची सही हवी. ‘ताईचं काही म्हणणं नाही’ हे तोंडी चालत नाही, मग ताई समोर बसून चहा देत असली तरी.

दुसरा कागद भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. नुसतं ‘ओसी आहे’ ऐकून पुढे जाऊ नका, ते उघडून वाचा. त्यावर विंग आणि मजले लिहिलेले असतात. ‘बी विंग, पहिला ते सातवा मजला’ असं लिहिलं असेल आणि तुमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर असेल तर तुमच्या फ्लॅटला ओसी नाही. अंशतः ओसीचे असे कागद पूर्ण ओसी म्हणून दाखवले जातात आणि दाखवणाऱ्यालाही कधीकधी फरक माहीत नसतो.

तिसरं म्हणजे सोसायटीकडची माहिती. शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालं आहे का. कन्व्हेयन्स झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे आणि उद्या पुनर्विकासाची वेळ आली की गाडी तिथेच अडते. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीने सरकारी अधिकाऱ्याकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज केला आहे का, तेही विचारा. आणि गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. लिफ्ट बदलायची आहे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढायचं आहे, प्रत्येकी ८० हजार वर्गणी ठरली आहे, हे सगळं त्या दोन पानांत असतं आणि मालक स्वतःहून सांगत नाही.

पार्किंगबद्दल करारात काय लिहिलं आहे ते बघा. उघडं पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती विकता येत नाही. ‘पार्किंगसह’ असा भाव सांगितला असेल तर सोसायटीचं वाटपपत्र मागा.

*बांधकाम चालू असेल तर*

महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. तो ‘पी’ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. क्रमांक सापडला म्हणजे काम झालं असं समजून लोक पान बंद करतात. खरं वाचायचं ते पुढे असतं: ताब्याची जाहीर तारीख, ती किती वेळा वाढवली, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टातले दावे, मंजूर नकाशे, किती सदनिका विकल्या गेल्या. ब्रोशरवरची ताब्याची तारीख आणि संकेतस्थळावरची तारीख यांत वर्ष-दीड वर्षाचा फरक सापडतो. गणित संकेतस्थळावरच्या तारखेनेच करा आणि करारात कोणती तारीख लिहिली आहे तेही बघा, कारण उशीर झाल्यास व्याज मागण्याचा तुमचा हक्क करारातल्या तारखेवर ठरतो.

बांधकामाचा प्रारंभ दाखला, म्हणजे सीसी, कितव्या मजल्यापर्यंत आहे तेही बघा. बारा मजल्यांची इमारत दाखवून सीसी सातपर्यंतच मिळालेली असते. दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट तेव्हा फक्त नकाशावर असतो.

*दोन्हींत*

जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. भोगवटादार वर्ग दोन असं लिहिलं असेल तर हस्तांतरणावर बंधनं असतात, वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला फ्लॅट असेल तर विक्रीवरचं मुदतीचं बंधन संपलं आहे का, ते कागदावर तपासा.

मग स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदणी दप्तरातल्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल, घ्या. बिल्डरने दिलेला टायटल रिपोर्ट बिल्डरच्या वकिलाचा असतो. ‘बँकेने प्रकल्प मंजूर केलाय’ याने तुमचं काम होत नाही. बँक तिच्या कर्जापुरतं बघते. रिसेलमध्ये वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायला सांगेल, साधारण १४ दिवसांची. काही हजार रुपये जातात, पण कुठला वारस, कुठली पतपेढी, कुठला जुना इसार बाहेर यायचा असेल तर इथे येतो.

थांबा: जाहीर नोटीस द्यायला मालकाने नकार दिला तर कारण काहीही सांगो, व्यवहार तिथेच सोडा.

टप्पा ५: आता टोकन

कागद ठीक निघाले, भाड्याचं गणित पटलं, तर टोकन. रक्कम लहान ठेवा आणि मालकाच्या बँक खात्यात थेट जमा करा. ब्रोकरच्या खात्यात नाही, रोख तर अजिबात नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ‘थोडं ब्लॅकमध्ये द्या, शुल्क वाचेल’ या बोलण्याला भुलू नका. पांढऱ्यात न दाखवलेली रक्कम तुम्ही विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरली जात नाही, म्हणजे त्याच्या वाटचा कर पुढे तुम्ही भरता.

टोकनची पावती साध्या कागदावर असली तरी चालेल, पण दोघांच्या सह्यांनी आणि या मजकुरासह असावी:

‘सदर सदनिकेचा मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य न आढळल्यास, अथवा मालमत्तेच्या कागदपत्रांच्या कारणास्तव बँकेने कर्ज नाकारल्यास, लिहून देणार यांनी ही रक्कम १५ दिवसांच्या आत कोणतीही कपात न करता परत करावी.’

याशिवाय एकूण किंमत, पार्किंग आणि फर्निचर धरून काय-काय मिळणार, साठेखताची (विक्रीच्या कराराची) शेवटची तारीख आणि सोसायटीचा हस्तांतरण खर्च कोण देणार, एवढं त्यात हवं. अशी पावती लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर टोकन दिलं नाही याचं समाधान मानून परत या.

बिल्डरकडे असाल तर बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा, रद्द केल्यास किती कापणार ते तिथे असतं. महारेराच्या नमुना वाटपपत्रात १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही असं आहे. तुमच्या पत्रात वेगळं असेल तर सहीआधी बदलून मागा. आणि सर्वांत महत्त्वाचं, नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘२० टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू’ असं कोणी म्हणालं तर ते कायद्याविरुद्ध आहे.

टप्पा ६: कर्ज, करार, नोंदणी

१. बँकेत मालमत्तेची फाइल द्या. बँकेची कायदेशीर आणि मूल्यांकनाची तपासणी होऊ द्या. विक्रेत्याचं जुनं कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून बाकीचं पत्र आणि मूळ कागदांची यादी घ्या. जुनं कर्ज फेडण्याची रक्कम विक्रेत्याच्या हातात देऊ नका, थेट त्याच्या कर्जखात्यात भरा.

२. कराराचा मसुदा घरी आणून वाचा. नाव आधारवर, पॅनवर आणि करारात एकसारखं आहे का? कार्पेट, मजला, विंग, सर्व्हे नंबर, पार्किंग? बिल्डरच्या करारात पैसे भरण्याचे टप्पे बघा. रेराच्या नमुना करारात जोते (पायावरचा चौथरा) पूर्ण होईपर्यंत एकूण ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे. काम कमी आणि मागणी जास्त असा तक्ता असेल तर आक्षेप घ्या.

३. मुद्रांक शुल्क ई-चलानने भरा, पब्लिक डेटा एंट्री करून दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घ्या. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी. दोन साक्षीदार, मूळ आधार आणि पॅन बरोबर ठेवा.

४. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देतानाच १ टक्का टीडीएस कापा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत प्राप्तिकर पोर्टलवरून भरा. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा भरणा असतो, हे जोडीने घेणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. बँक थेट विक्रेत्याला पैसे देते तेव्हा टीडीएस बँक कापेल असं लोक गृहीत धरतात. बँक कापत नाही, जबाबदारी तुमची. विक्रेता परदेशी राहणारा असेल, आणि पुण्या-मुंबईत असे मालक पुष्कळ आहेत, तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे बराच जास्त कर कापावा लागतो. पैसे देण्याआधी सीएला भेटा.

तपासा: नोंदणी झाली की सूची क्रमांक दोन त्याच आठवड्यात काढून ओळ न् ओळ वाचा. क्षेत्रफळात किंवा नावात चूक असेल तर चूकदुरुस्तीपत्र आत्ताच सोपं आहे. पाच वर्षांनी विक्रेता सापडेलच असं नाही.

टप्पा ७: ताबा

शेवटचा हप्ता आणि चावी एकाच वेळी, हे पावतीतच ठरवून घ्या. रिसेलमध्ये वीजबिल, मिळकतकर, गॅस, सोसायटी या चारही ठिकाणची ताब्याच्या तारखेपर्यंतची थकबाकी शून्य असल्याचे कागद घ्या. मीटरचं रीडिंग फोटोसह टिपून ठेवा. मग वीजमीटर आणि मिळकतकर तुमच्या नावावर करा. हे काम लोक दोन-दोन वर्षं लांबवतात आणि विकायच्या वेळी धावपळ होते.

नव्या इमारतीत ओसी नसताना ‘फिट-आउटसाठी (आतल्या फर्निचरच्या कामासाठी) ताबा घ्या’ असं पत्र आलं तर सही करू नका. आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. गळती दिसली की फोनवर न सांगता तारखेसह लेखी कळवा.

टप्पा ८: भाडेकरू

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?’ महाराष्ट्रात हा समज पूर्ण चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोटरी केलेला कागद पुरत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळासाठी दुप्पट भरपाई मागता येते. हा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवा. चावी देताना पंखे, दिवे, गिझर, नळ यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत करताना होणारी बहुतेक भांडणं या यादीअभावी होतात. सोसायटीला कळवा. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिगरभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. बिलात त्याहून जास्त लागलं असेल तर लेखी हरकत घ्या.

भाडं बँकेतच घ्या आणि विवरणपत्रात दाखवा. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची बिलं लागत नाहीत. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. आपल्या उदाहरणात व्याज भाड्याच्या दीडपटीहून जास्त आहे, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ हे कारण धरून फ्लॅट घेत असाल तर जुन्या आणि नव्या प्रणालीत तुमचा कर किती होतो, ते टप्पा दोनमध्येच काढून घ्या.

एक जाडसर फाइल करा आणि त्यात मूळ करार, सूची दोन, ओसीची प्रत, शेअर सर्टिफिकेट, टीडीएसचा दाखला, डागडुजीची बिलं, प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार ठेवा. घर सुधारण्यावर केलेल्या मोठ्या खर्चाची बिलं विकताना भांडवली नफ्यातून वजा होऊ शकतात, म्हणून फरशी बदलल्याचं बिल रद्दीत जाऊ देऊ नका. मूळ करार बँकेकडे असेल तर बँकेने दिलेली कागदांची यादी फाइलमध्ये ठेवा आणि कर्ज फिटल्यावर त्याच यादीवर खूण करत एकेक कागद परत घ्या.